बिनलिफ्टचे तीन मजले

न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटन भागात पक्षाघात झालेल्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. त्यात एकाकीपणा मोजायला फार अवघड काही केलं नव्हतं. ज्यांच्या घरी जाता येईल इतक्या चांगल्या ओळखीची तुमची किती माणसं आहेत, एवढं विचारायचं. तीनसुद्धा नसतील, तर तुम्ही एकाकी. २००५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. झटका येण्याआधी जे या हिशेबाने एकाकी होते, त्यांना पुढच्या काही वर्षांत पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी गाठण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त निघाला.

हा प्रश्न मी ऑफिसात आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून पाहिला. पुणेकर अशा प्रश्नाचं सरळ उत्तर देतील, ही अपेक्षाच मुळात फोल. 'जाता येईल म्हणजे फोन करून की न करता?' 'गौरीच्या जेवणाला वर्षातून एकदा जातो, ते घर धरायचं का?' 'नणंदेकडे जाता येतं, पण जावंसं वाटत नाही, मग?' एक सहकारी बोटांवर मोजायला लागला, दोनवर अडखळला आणि मग मेट्रोच्या कामाविषयी बोलू लागला.

माझ्या मामाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अख्खी पर्वती.

मामा नवी पेठेत राहतो. बँकेतून निवृत्त झाला तेव्हापासून रोज पहाटे दांडेकर पुलावरून पर्वतीला जायचा. शंभरावर पायऱ्या चढायच्या, वर थोडा वेळ वारं खायचं, खाली उतरून अमृततुल्यमध्ये अर्धा-अर्धा चहा, आणि घर. त्याचा तिथला ग्रुप म्हणजे मोठी मौज होती. कुणाला कुणाचं पूर्ण नाव ठाऊक नाही. एक 'मेजर', एक 'पोस्टमास्तर', एक 'केमिस्ट्री' आणि अखंड बोलणारा एक 'आकाशवाणी'. यांच्या मुलांची लग्नं, बायपास, घराची भांडणं सगळं मामाला तोंडपाठ. पण मेजर राहतात कुठे म्हटलं तर 'असतील इकडेच कुठेतरी सहकारनगरात'. इतक्या वर्षांत एकानेही दुसऱ्याचा उंबरा ओलांडलेला नव्हता. त्याची गरजही नव्हती, पर्वती होती ना. मॅनहॅटनच्या फूटपट्टीने मोजलं असतं तर पुण्यातला हा सगळ्यात गप्पिष्ट निवृत्त माणूस काठावर पास झाला असता.

मग एका रविवारी सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप सुटला.

घरात त्या वेळी तीन माणसं होती: मामी, वाकडहून सुट्टीला आलेला मामेभाऊ आणि त्याची बायको. तिघांनी मिळून जे केलं ते बहुतेक घरांत होतं. मामी म्हणाली, रात्री कुशीवर झोपले असतील, हात अवघडलाय. भाऊ म्हणाला, ॲसिडिटीने पण असं होतं. मामाला पडून राहायला सांगितलं, आलं-लिंबाचं पाणी दिलं, ते ओठाच्या कडेने गळलं तरी 'हळू पी' एवढंच. मामाच 'अं अं' करून हात झटकत होता, मला काही झालेलं नाही म्हणून. एवढ्यात कपडे घ्यायला इस्त्रीवाला आला. त्याने दारातूनच बघितलं आणि म्हणाला, "काकांचं तोंड एका बाजूला ओढलंय की. माझ्या चुलत्याचं अस्संच झालं होतं. रिक्षा आणू?" मग तोच पुढे आणि भाऊ मागे, असं मामाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. इमारत १९८०च्या दशकातली, लिफ्ट नाही.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मामा त्या वेळेत जेमतेम पोचला. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज २००६ साली मांडला गेला. तेव्हा आलं-लिंबाच्या पाण्याचा हिशेब ज्याने-त्याने करावा.

पुढे वाचताना एक शोधनिबंध हाती लागला तेव्हा मी चाट पडले. २०१९चा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला. स्ट्रोक झालेले कोण लवकर दवाखान्यात पोचतात आणि कोण उशिरा, हे त्यांच्या गोतावळ्याच्या नकाशावरून तपासलं होतं. ज्यांचा गोतावळा छोटा, घट्ट आणि आपापसांत गुंफलेला, ते उशिरा पोचले. घरची जवळची माणसं एकमेकांची समजूत घालत 'बघू थोडा वेळ' म्हणत बसतात. ज्यांच्या ओळखी पसरट, थोड्या लांबच्या, त्यांच्या बाबतीत कुणीतरी परका नजरेला पडेल ते बोलून मोकळा होतो आणि चक्रं फिरतात. आमच्या घरी ते काम इस्त्रीवाल्याने केलं. आपल्याकडे 'घरचं माणूस जवळ हवं' हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं, की घरच्या माणसांच्या घोळक्यालाही स्वतःची अशी एक झापड असते, हे पटायला वेळ लागतो.

दवाखान्यातल्या दिवसांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. जाग्रणं, फॉर्म, कॅन्टीनचा चहा. एक सोडून. भाऊ इंजिनियर असल्यामुळे प्रत्येक रिपोर्टमधला ठळक छापलेला आकडा म्हणजे त्याला बिघडलेला पार्ट वाटतो. सीआरपी, म्हणजे शरीरात कुठे दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणारं प्रथिन. ते वाढलेलं दिसलं की तो विचारायचा, मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली, मग यकृतात तयार होणारं प्रथिन का वाढतंय? प्रश्न रास्त होता. तिथून मी या दाहाच्या मागे लागले.

झालंय असं, की आपण स्ट्रोकला मेंदूपुरता मानतो आणि शरीर तसं मानत नाही. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या आतला ऐवज बाहेर सांडतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. पीओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली त्या वेगळ्या ओळखल्या. सांडलेला ऐवज दिसला की त्या खवळतात, सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात, रक्त आणि मेंदू यांच्यामधली तटबंदी सैल होते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत घुसतात. इंटरल्यूकिन-६ हा त्यातलाच एक निरोप. तो यकृताला मिळाला की सीआरपी वाढतो, म्हणून भावाला तो आकडा दिसला. गंमत म्हणजे काही दिवसांतच शरीराची प्रतिकारशक्ती उलट ढिली पडते आणि म्हणून स्ट्रोकच्या रुग्णाला न्यूमोनिया चटकन धरतो. मामाच्या छातीतही कफ झाला होता. गिळताना ठसका लागतो हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं.

हा दाह वाईटच असतो असं मात्र नाही, आणि इथे भले भले फसलेत. त्याच मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, पुढे डागडुजीलाही हातभार लावतात. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारं एन्लिमोमॅब नावाचं औषध रुग्णांना देऊन पाहिलं होतं. २००१ साली निकाल छापला: औषध घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट. गाउट या सांधेदुखीवरचं जुनं औषध कोल्चिसिन स्ट्रोकनंतर देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२४ साली आले, त्यांतही मुख्य कसोटीवर फायदा सिद्ध झाला नाही. 'दाह कमी करणारी गोळी का देत नाहीत?' या भावाच्या प्रश्नाला एवढं लांबलचक उत्तर आहे. हळदीचं दूध सुचवणाऱ्या नातेवाइकांनाही हेच उत्तर द्यायचा मोह होत होता, पण मामीने डोळ्यांनी दटावलं.

आता यात वय येतं. क्लाउदिओ फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली मांडलं, की म्हातारपण म्हणजे बऱ्याच अंशी मंद, रेंगाळणारा दाह. कुठलाही जंतू नाही, जखम नाही, तरी रक्तातली दाहाची रसायनं वयाबरोबर चढती. मेंदूतल्या मायक्रोग्लियाही म्हाताऱ्या होतात आणि सोसायटीत एक आजोबा असतात ना, बेल वाजली की आधी ओरडायचं आणि मग कोण आलंय ते बघायचं, तशा वागायला लागतात. ह्यूस्टनच्या लुईस मॅककुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय आणि स्ट्रोक यांवर पुष्कळ काम केलंय. २०१८च्या त्यांच्या प्रयोगात वृद्ध उंदरांना तरुण उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले, तर ते स्ट्रोकनंतर जास्त चांगले सावरले. उलटं केलं तेव्हा तरुण उंदरांची गत म्हाताऱ्यांसारखी झाली. म्हणजे दाहाची एक दोरी पोटातही आहे.

वयाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो तो आणखी एका कारणाने. २००६ साली एका पाहणीत मोजलं गेलं, की तोवर स्ट्रोकवर १,०२६ वेगवेगळे उपाय प्रयोगात तपासून झाले होते. त्यातलं रुग्णाच्या खाटेपर्यंत काय पोचलं, तर गुठळी विरघळवण्यापलीकडे जवळपास काही नाही. कारणं अनेक, पण उंदीर बहुधा तरुण, धडधाकट आणि नर असायचे, हे त्यातलं एक. आणि रुग्ण? सत्तरीची, बीपी-शुगरवाली, गुडघे धरलेली माणसं. तरण्याबांड उंदराला लागू पडलेलं औषध मामाला लागू पडेल, अशी आशा करण्यात आली होती.

एकटेपणाचा धागा याच उंदरांनी पुढे नेला. ओहायो स्टेट विद्यापीठात कोर्टनी डीव्रीस यांच्या गटाने २००५ साली काही उंदीर एकटे ठेवले आणि काही जोडीने, मग दोन्ही गटांत सारखाच स्ट्रोक घडवला. एकट्यांच्या मेंदूतली इजा मोठी निघाली, रक्तातला सीआरपीही जास्त. मॅककुलो यांच्या गटाने २०१४च्या कामात स्ट्रोकनंतरचा काळ बघितला. एकट्या ठेवलेल्या उंदरांची प्रगती रडतखडत झाली, मेंदूत नव्या चेतापेशी कमी जन्मल्या आणि पेशींना जगवणारं बीडीएनएफ हे प्रथिनही कमी भरलं.

माणसांवरचे अभ्यास वाचताना डोक्यात सतत शंका येते: एकटी माणसं गोळ्या विसरतात, वेळेवर जेवत नाहीत, सिगारेट जास्त ओढतात, मग दोष एकटेपणाचा की या सवयींचा? २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की एकटेपणा असलेल्यांत स्ट्रोकचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त. आकडा दणदणीत, पण शंका तशीच. उंदीर मात्र तंबाखू मळत नाहीत, बीपीची गोळी बुडवत नाहीत, मुलगा फोन करत नाही म्हणून रात्री जागत नाहीत. त्यांच्या पिंजऱ्यात फरक एकच होता, शेजारी कुणी आहे की नाही. तरीही फरक पडला. त्यामुळे 'सोबत' ही मनाच्या समाधानापुरती असते, औषध-पाणी झाल्यावर वेळ उरला तर द्यायची, असं म्हणायची मला आता सोय राहिलेली नाही. ती थेट रक्तात उतरते. स्टीव्ह कोल आणि जॉन कॅसिओपो यांनी २००७ साली अतिशय एकाकी माणसांच्या पांढऱ्या पेशींतली जनुकं तपासली, तेव्हा दाह पेटवणारी जास्त जागी आणि विषाणूंशी लढणारी सुस्त दिसली. माणसं फक्त चौदा होती, म्हणून एकट्या त्या अभ्यासावर मी पैज लावणार नाही. उंदरांच्या शेजारी ठेवून वाचला की त्याला वजन येतं.

पण सोबत म्हणजे काय, हा खरा घोळ. उंदरांच्या पिंजऱ्यात तो प्रश्न सोपा आहे.

मामा घरी आला आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नारळपाणी, सफरचंदं, अमक्या गावात लकव्यावर झाडपाल्याचं औषध देतात त्याचा पत्ता, तमक्या तेलाची बाटली. एकेका वेळी सोफ्यावर पाच-पाच माणसं. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत, उजवा हात उशीवर. आणि सगळं बोलणं मामीशी. "आता खातात का?" "रात्री झोप लागते का?" "ओळखतात ना?" मामा समोर बसून सगळं ऐकतोय, त्याला सगळं कळतंय, झटका डाव्या मेंदूला बसल्यामुळे गेलंय ते बोलणं, समज नव्हे. 'ओळखतात ना?' विचारणाऱ्या बाईंकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर बँकेत बोगस सही घेऊन येणाऱ्यांनी पूर्वी खूप पाहिली असणार. घरात माणसांची जत्रा आणि त्यात हा एकटा.

पर्वतीचा ग्रुपही आला. तीन मजल्यांबद्दल कुरकुर केली. रोज पर्वती चढणाऱ्यांना! मग सगळे गप्प. आकाशवाणीसुद्धा. समोरचा 'हो, हो' आणि 'ते... ते...' याच्यापुढे जात नाही, तेव्हा काय बोलायचं हे कुणालाच सुचेना. हवा कशी आहे, पायऱ्यांवर काय काम काढलंय, असं दोन-चार वाक्यं बोलून उठले. पुढच्या वेळी त्यांतले निम्मे आले. तिसऱ्या महिन्यापर्यंत सोफा रिकामा. जिना हे निमित्त झालं. माणसं खरी घाबरतात ती त्या न बोलण्याला. आपलं वाक्य संपल्यावर समोरून उत्तर येईपर्यंत जी पोकळी पडते, ती आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण स्वतःच ती भरतो किंवा उठून जातो. या सगळ्यात वाईट योग असा, की मेंदूची आपणहून होणारी सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांतच. स्ट्रोकनंतर सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं, त्याचं मला तेव्हापासून फारसं नवल वाटत नाही.

मग घरच्यांनीच कंबर कसायची का? भारतात यावर फार नेटका प्रयोग झालेला आहे. १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर. निम्म्यांच्या घरच्या माणसाला व्यायाम, हालचाली, रोजची कामं कशी करून घ्यायची याचं रीतसर शिक्षण दिलं. बाकीच्यांना नेहमीचे उपचार. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, ४७ टक्क्यांच्या आसपास. मला हा निकाल आधी कडू लागला, कारण मामी रोज सकाळ-संध्याकाळ फिजिओने लिहून दिलेल्या कागदावर टिक करत व्यायाम घेत होती आणि तिच्या पाठीचा त्यात बोऱ्या वाजला होता. नंतर वाटलं, की यात तिच्यासाठी सुटकाही आहे. घरच्या बाईने आणखी घाम गाळला की नवरा उठून चालायला लागेल, हे ओझं निदान या पुराव्यावर तरी तिच्या डोक्यावर ठेवता येत नाही. एरवी आपला समाज ते ठेवायला टपलेलाच असतो. प्रयोगाने तपासलं ते घरच्यांचं प्रशिक्षण. बाहेरची माणसं आत येण्याची आणि आतला माणूस बाहेर जाण्याची बाब त्यात नव्हती, आणि माझं सगळं लक्ष आता तिकडे आहे. पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांचं मित्रमंडळ आहे, हृषीकेश पवार त्यांच्यासाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. हातपाय थरथरणारी माणसं एकमेकांसमोर संकोच न करता नाचतात. दुखणं निराळं, पण ही वाट मला जास्त आशेची वाटते.

आमच्याकडे वाट काढली मेजरांनी. ग्रुपमधले सगळ्यात कमी बोलणारे. ते एकटेच येत राहिले. यायचं, मामाशेजारी बसायचं, पेपरचं एक पान त्याला द्यायचं, एक आपण घ्यायचं. बोलणं नाहीच, त्यामुळे बोलण्याची पोकळीही नाही. एक दिवस त्यांनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. बदाम सातला दोघे कसे पुरणार, म्हणून मामी बसली, आणि ब्युरोकडून येणाऱ्या मावशींनाही मोबाइल ठेवून बसावं लागलं.

तेरा पानं एका हातात धरायची कशी? मेजरांनी सुताराकडून लाकडाची एक पट्टी करून आणली, लांबीत तिरकी खाच पाडलेली. खाचेत पानं उभी राहतात, मामा डाव्या हाताने एकेक उचलतो. पहिल्या दिवशी खाच अरुंद झाली होती, पान ओढलं की शेजारची दोन आडवी पडायची आणि मावशींना सगळं दिसायचं. मेजरांनी तिथेच बसून सँडपेपरने ती रुंद केली.

आणि मग आकड्यांची मजा. मामाला 'सात' म्हणता येत नाही. पण 'एक' म्हटलं की पुढची गाडी आपोआप सुरू होते: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! तिथे बरोब्बर थांबतो आणि पट्टीवर टिचकी मारतो. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हे पुष्कळदा दिसतं. हवा तो शब्द सापडत नाही, पण सवयीने पाठ झालेली माळ, म्हणजे आकडे, वार, रामरक्षा, शिव्या, शाबूत राहते. 'दहा' पाहिजे असेल तर सगळ्यांनी एकपासून दहापर्यंत थांबायचं. मामीच्या ओठांवर 'दहा, दहा म्हणायचंय ह्यांना' येतं. मेजर हाताने तिला थोपवतात. मावशींनी एकदा इस्पिकची राणी दाबून ठेवून मामाचा राजा अडकवला, तेव्हा "अगं गाढवे!" हे अख्खं वाक्य खणखणीत बाहेर आलं. मावशी इतक्या खूश झाल्या की त्यांनी गल्लीतल्या किराणावाल्यालाही सांगितलं.

याने हात सुधारला का? नाही. उजव्या हाताची मूठ अजून उघडत नाही. चालणं चार पायांच्या काठीवर, पाय बाहेरून फिरवत. सीआरपी आता कुणी मोजत नाही. पत्त्यांमुळे मामाच्या मायक्रोग्लिया शांत झाल्या असं मी म्हटलं तर मला न्यूरॉलॉजिस्ट दारात उभं करणार नाहीत, आणि बरोबरच आहे. एवढं दिसतं, की दुपारी तीन वाजले की तो घड्याळाकडे बघतो, मावशींना शर्ट बदलायची खूण करतो, आणि मेजर यायच्या आधी चार वेळा खोलीतून हॉलपर्यंत चकरा मारतो, ज्या फिजिओच्या कागदावरून मारायला तो साफ नकार द्यायचा.

आता त्याला खाली उतरायचंय. पर्वती नाही, पायथ्याचा चहा. ते त्याने आम्हाला कपाची खूण करून आणि खिडकीकडे बोट दाखवून सांगितलं. मामीने आधी कपाटातला कप आणून दिला, मग कळलं.

फिजिओने जिन्याचा नियम शिकवला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. मामा चढतो बऱ्यापैकी, कारण आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे आणि चढताना तो डाव्या हाताला येतो. उतरताना तोच कठडा उजवीकडे जातो, बंद मुठीच्या बाजूला. डावीकडे नुसती भिंत, ऑइलपेंटची, गुळगुळीत. वर येता येतं, खाली जाता येत नाही! उलटं, पाठमोरं उतरून पाहिलं; एक जिना झाला आणि दुसऱ्यावर मामाने बसकण मारली.

भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा बसवायचा, बस्स. तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेला. स्टेनलेस स्टील दिसायला छान, पण घामट हात घसरतो, म्हणून साध्या लोखंडी पाइपवर रबरी ग्रिप, असं ठरलं. पैसे भाऊ देतोय. सोसायटीची फक्त परवानगी हवी, आणि तिथे घोडं पेंड खातंय. सेक्रेटरींचं म्हणणं, जिना अरुंद होईल, उद्या कुणाचं कपाट न्यायचं झालं तर? पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आमच्या भिंतीला ड्रिल नको, गळती सुरू होते. खजिनदारांचं सगळ्यात भारी: दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग लिफ्टच येईल, कशाला उगाच खर्च? दोन वर्षांत जाणार, हे मी माझ्या भाचीच्या बारशापासून ऐकते आहे. ती आता बारावीला आहे.

त्या इमारतीत साठीच्या पुढची माणसं किती आहेत ते मी मोजलं नाही, पण दर मजल्यावर आहेत, सेक्रेटरी स्वतः त्यांत आहेत. मी त्यांना ओहायोच्या उंदरांची गोष्ट सांगायला गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

अर्ज दिलाय. विषय रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर सहाव्या क्रमांकावर आहे, पाण्याच्या टाकीच्या सफाईनंतर आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' याच्या आधी. मेजरांनी पट्टीत पानं लावता लावता मला विचारलं, बाहेरच्या माणसाला सोसायटीच्या मीटिंगला बसता येतं का? नियमात नाही म्हटलं. "मग पार्किंगमध्ये उभा राहीन," म्हणाले, "आवाज पोचेल एवढ्या अंतरावर."